चार वाजल्यानंतरची लेबलं

रोह्याच्या आमच्या कंपनीत मी सहा वर्षं लॅबमध्ये होते. काचेच्या नळ्या उलट उत्तर देत नाहीत, रजा मागत नाहीत, त्यामुळे माझं बरं चाललं होतं. मग एका सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि मला पॅकिंग खात्याची इन्चार्ज करून टाकलं. आधीचा इन्चार्ज का सोडून गेला असं विचारलं तर म्हणाले, "पर्सनल." तो माणूस जाताना सगळ्यांना सांगत सुटला होता की डॉक्टरांनी त्याला तिखट आणि पॅकिंग दोन्ही बंद करायला सांगितलंय.

पॅकिंगला बारा बायका. आम्ही कापडाच्या रंगाची पावडर बनवतो. ती पिशवीत भरायची, पिशवी ड्रममध्ये घालायची, ड्रमवर लेबल डकवायचं. काम सोपं, पण त्यात एक गोम आहे. कोरडी असताना सगळी पावडर सारखीच दिसते, काळपट, करड्या मातीसारखी. पाण्यात पडली की मग तिचा खरा रंग कळतो. म्हणजे सगळी भिस्त लेबलावर. आणि मी खातं हातात घेतलं त्याच महिन्यात आकाशीच्या ड्रमवर गुलाबीचं लेबल गेलं, गुलाबीच्या ड्रमवर आकाशीचं, आणि कुठल्याशा गावातल्या शाळेच्या मुलांचे आकाशी शर्ट गुलाबी होऊन बाहेर पडले. अख्खी शाळा गुलाबी! मला त्या पोरांचे चेहरे डोळ्यांसमोर आले आणि साहेब ओरडत असताना मला हसू फुटलं. ते दाबायला मी खोकले. साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि ओरडणं चालूच ठेवलं.

हेड ऑफिसचं म्हणणं पडलं की कामगारांवर ताण आहे, ताण घालवा, चुका जातील. ताण घालवायला त्यांनी ठाण्याहून एक ट्रेनर मॅडम पाठवल्या. लहानखुऱ्या, गोड आवाजाच्या. शनिवारी दुपारी कॅन्टीनमधली टेबलं बाजूला सारून आम्ही सगळ्या गोल करून बसलो.

"डोळे मिटा," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही पाण्याच्या काठावर उभ्या आहात. शांत वाटतंय. हळूहळू भरती येतेय. पाणी तुमच्या पायापर्यंत येतंय…"

आमच्यातल्या सगळ्यात जुन्या मावशींनी डोळे उघडले. त्या धरमतरच्या खाडीकाठच्या. माहेर मिठागरावरचं, सासर खारजमिनीतलं.

"मॅडम, भरतीचा पानी कनच्या बाजूनं येतंय?"

"कुठूनही येऊ दे मावशी, तुम्ही फक्त अनुभवा."

"कुठूनपन कसा येल? बांध हाय ना तिथं. पानी पायापरत आला म्हंजी बांध फुटला!"

झालं. बाराजणींचे डोळे उघडले. खाडीकडच्या पाचसहाजणी एकदम बोलायला लागल्या. कुणाच्या शेतात कधी खारं पाणी शिरलं, बांध बांधायला कोण धावलं, त्या साली भात कसा नाय झाला. ट्रेनर मॅडमनी घाईघाईनं आम्हा सगळ्यांना किनाऱ्यावरून उचललं आणि हिरव्यागार रानात नेऊन सोडलं. तर आतल्या गावांमधल्या बायका उठल्या. "रानात डुकरं हायत वो मॅडम. वाल ठेवत नायत शेतात."

मी मान खाली घालून बसले होते. माझे खांदे हलत होते आणि ट्रेनर मॅडमना वाटलं मी भावनेनं रडतेय. त्यांनी येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्यानं तर माझी आणखीच वाट लागली.

शेवटचा खेळ फुग्यांचा होता. प्रत्येकीनं एका चिठ्ठीवर आपला ताण लिहायचा, चिठ्ठी फुग्यात घालायची, फुगा फुगवायचा आणि सगळ्यांनी मिळून फोडायचा. ताण फुटला, संपला! चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. बायका भिंतीकडे तोंड करून, हाताचा आडोसा धरून, दहावीचा पेपर लिहावा तशा लिहीत होत्या. मावशींना लिहिता येत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, चित्र काढा. मग "एक, दोन, तीन!" झालं आणि बारा फुगे फुटले. कॅन्टीनला पत्र्याचं छत. आवाज असा घुमला की मीच कानांवर हात दाबले.

कॅन्टीनबाहेर सिक्युरिटीचे काका खुर्ची टाकून बसले होते. आमचा केमिकलचा कारखाना. असा आवाज झाला तर काय करायचं ते त्यांना वर्षानुवर्षं शिकवलेलं, पण करायची संधी कधी मिळालेली नव्हती. त्यांनी लाल बटण दाबलं. भोंगा सुरू झाला.

नियम असा, की भोंगा वाजला की सगळ्यांनी आवारातल्या बदामाच्या झाडाखाली जमायचं आणि गिनती द्यायची. सगळा कारखाना झाडाखाली जमला. साहेब डब्यातली पोळी हातात तशीच धरून धावत आले. फक्त पॅकिंगच्या बायका झाडाखाली नव्हत्या. झाडावरून पुढे, गेटमधून बाहेर, रस्त्यावर पार वळणापर्यंत गेल्या होत्या, आणि पन्नाशी ओलांडलेल्या मावशी सर्वात पुढे. त्यांना परत बोलवायला मी मागून धावले तर मला धाप लागली. त्यांना मात्र काहीच झालं नव्हतं. एकीचाही श्वास वाढलेला नव्हता.

"मावशी, एवढं जोरात पळता तुम्ही?" मी गुडघ्यांवर हात टेकून विचारलं.

"रोजची सवय हाय गो बाय," मावशी म्हणाल्या आणि पदर खोचून परत चालायला लागल्या.

धोका नाही हे ठरायला, साहेबांचा राग उतरायला आणि सिक्युरिटी काकांचं कौतुक करायचं की त्यांना मेमो द्यायचा यावर चर्चा व्हायला बराच वेळ गेला. ट्रेनर मॅडम त्या गडबडीत पर्स घेऊन निघूनही गेल्या होत्या. मी कॅन्टीनमध्ये आले तर जमिनीवर फुग्यांचे तुकडे आणि चिठ्ठ्या पसरलेल्या. झाडूवाली सोमवारीच येणार, म्हणून मीच गोळा करायला बसले. वाचायच्या नव्हत्या, हे मला ठाऊक होतं. पण एक उघडीच पडली होती. तिच्यावर एकच शब्द होता: गाडी.

दुसरी उचलली. "गाडी." तिसरीवर "पाच वीसची गाडी". चौथीवर "सासू आणि गाडी". पाचवीवर लेबलांचं काहीतरी असेल म्हणून आशेनं उघडली, तर "गाडी चुकली तर पोरीला कोण आनील". मी खाली फरशीवर फतकल मारून बसले आणि सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या. एका चिठ्ठीवर चौकोनांची रांग काढलेली होती. मला वाटलं ड्रम असतील. नीट पाहिलं तर प्रत्येक चौकोनाखाली दोन दोन चाकं होती.

सोमवारी मी मावशींना बाजूला घेतलं. चिठ्ठ्या वाचल्या हे कबूल करून टाकलं. त्या रागावल्या नाहीत, उलट त्यांना माझी कीव आली असावी.

"तुमाला म्हायत नाय मॅडम? आमी पाचला सुटतंव. पंच करायला एकच मशीन, तिथं लाईन. मंग हात धुवायचं. मंग मिनीडोअर धरायची. स्टेशनच्या अल्याड रस्ता खनलाय, तिथून पुढं पलायचं. गाडी पाच ईसला. ती गेली तर दुसरी कवा, काय नाय सांगता येत."

"मग चारनंतर तुमचं लक्ष कुठे असतं?"

मावशींनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

मला खरंच माहीत नव्हतं. मी पेणला रामवाडीत राहते. ऑफिसर लोकांना कंपनीची बस आहे, ती मला घराजवळ सोडते. बसमध्ये माझी खिडकीची जागा ठरलेली आणि बहुतेक वेळा मी नागोठण्याच्या आधीच झोपलेली असते. या बायका कंत्राटावरच्या, त्यांना बस नाही. काही पेणला उतरतात, काही पुढे जित्याला. सहा वर्षं आम्ही एकाच दिशेनं घरी जात होतो आणि मी झोपून जात होते.

मी रजिस्टर काढलं. प्रत्येक लेबलावर ते छापल्याची वेळ असते. चुकलेली लेबलं शोधली. चार दहा. चार पस्तीस. चार पन्नास. सकाळचं एकही नाही. दुपारचंही नाही. मी त्या वेळांखाली पेन्सिलीनं रेघा मारल्या, रजिस्टर काखेत घेतलं आणि साहेबांकडे गेले.

"ट्रेन ही कंपनीची जबाबदारी नाही मॅडम," साहेब म्हणाले. मान वर न करता.

मला फार राग आला. राग आला की मला काहीतरी करावंसं वाटतं आणि मी ते लगेच करते, हा माझा जुना दोष. त्या दिवशी मी ऑफिसरांची बस सोडली आणि पाच वाजता पंचिंगच्या रांगेत मावशींच्या मागे जाऊन उभी राहिले.

"तुमी कशाला मॅडम?"

"मी पण येतेय."

"चपला कंच्या हायत?" मावशींनी खाली बघितलं. माझ्या टाचांच्या चपला बघून त्यांनी नुसतं "हं" केलं.

हात धुवायला वेळ मिळालाच नाही. मिनीडोअर म्हणजे सहा आसनी रिक्षा, आणि तिच्यात आम्ही तेराजणी. माझ्या मांडीवर एक, मी अर्धी दुसरीच्या मांडीवर, मावशी ड्रायव्हरच्या शेजारी निम्म्या बाहेर. खणलेल्या रस्त्याशी मिनीडोअर थांबली आणि कुणीतरी "चला!" असं ओरडलं. मग आम्ही पळालो.

मी शाळेनंतर अशी कधी पळाले नव्हते. दहा पावलांत माझी एक चप्पल खड्ड्यात गेली. मी दुसरी काढून हातात घेतली आणि अनवाणी धावत सुटले. घाम आला, आणि मग ती गंमत सुरू झाली. दिवसभर अंगावर बसलेली पावडर, तोवर कुणाला दिसत नव्हती ती, घामानं भिजून रंग सोडायला लागली. माझ्या पुढच्या मुलीची मान हिरवी झाली. मावशींच्या कपाळावरून गुलाबी ओघळ उतरले. मी तोंड पुसलं आणि माझा तळहात बघितला, निळा! "मॅडम, तुमी कृष्ण झालात!" कुणीतरी ओरडलं. मला धावताना हसू यायला लागलं. हसताना धावता येत नाही आणि थांबले तर गाडी जाणार. मी हसत, कण्हत, चप्पल हवेत धरून धावत होते.

तेवढ्यात मागून एक गाडी करकचून थांबली. साहेबांची गाडी. घरी निघाले होते. त्यांनी काय पाहिलं असेल? त्यांच्या खात्याची इन्चार्ज, निळ्या तोंडाची, अनवाणी, बारा रंगीबेरंगी बायकांसोबत जिवाच्या आकांतानं पळतेय. दोनच दिवसांपूर्वी भोंगा वाजलेला. ते दार उघडून बाहेर पडले.

"काय लीक झालं?" ते ओरडले.

"गाडी!" मी ओरडले.

"काय?"

"गाडी, सर! गाडी!"

मला अजून सांगता येत नाही की त्यांना काय ऐकू गेलं. पण साहेब पळायला लागले. बूट, टाय, पोट, सगळ्यासकट. ड्रायव्हर बिचारा गाडीच्या दाराशी उभा. साहेब माझ्या बरोबरीला आले, मग पुढे गेले. मावशींची डब्याची पिशवी खाली पडली ती त्यांनी उचलली आणि धावतच राहिले. स्टेशनात गाडी लागलेलीच होती. आम्ही फलाटावर शिरलो आणि गार्डची शिट्टी झाली. एकेक करून सगळ्या चढल्या. मावशींनी दांड्याला धरून वळून पाहिलं. साहेब खाली, पिशवी छातीशी धरून.

"साहेब, माजी पिशवी!" मावशींनी हात पुढे केला. साहेबांना वाटलं त्यांनाच हात दिलाय. त्यांनी तो धरला. मावशींनी ओढलं.

आणि आमचे मॅनेजर साहेब गाडीत आले. गाडी सुटली.

साहेब आणि मी नुसते धापा टाकत होतो. मग मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, "साहेबांजवल तिकीट हाय का?" साहेबांचा चेहरा असा झाला की पूर्ण डबा हसत सुटला. मी इतकी हसले की मला खाली बसावं लागलं. साहेबांनी घाम पुसायला हात कपाळावर नेला. तो हात नुकताच मावशींच्या हातात होता. कपाळ गुलाबी झालं. कुणी सांगायला धजेना. शेवटी मावशींनी पदराचं टोक पुढे केलं आणि म्हणाल्या, "पुसा, नायतर घरी इचारतील." तेव्हा साहेबही हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पुढचे दोन दात थोडे वाकडे आहेत त्यांचे, आणि हसले की फार बरे दिसतात.

मावशींनी डब्यातून उकडलेल्या शेंगा काढल्या. साहेब दोन बायकांच्या मध्ये आक्रसून बसले आणि शेंगा सोलायला लागले.

"रोज असं?" त्यांनी विचारलं.

"व्हय. रोज."

"आणि मी चारला येऊन ओरडतो."

मग साहेबच सांगायला लागले, शेंगांकडे बघत. चारला मुंबईहून फोन येतो. आज किती ड्रम गेले, कमी का गेले. फोन ठेवला की त्यांच्या कानात सूं होतं. त्याची गोळी चालू आहे. फोन झाल्यावर केबिनमध्ये बसवत नाही, म्हणून ते उठून पॅकिंगला येतात.

"आन आमच्यावर काढता," मावशी म्हणाल्या. रागानं नाही. दुखणं कुठे आहे ते सापडल्यावर वैद्य बोलतो तशा.

"हो," साहेब म्हणाले.

मी घाईघाईनं विचारलं, "सर, शिफ्ट पाव तास आधी सोडली तर?"

"पाव तासाचं काम बुडेल मॅडम. मी वर काय सांगू?"

तर ती हिरव्या मानेची मुलगी, जी एरवी तोंडातून शब्द काढत नाही, म्हणाली, "सर, सकालची गाडी आमाला लवकरच आनते. आमी गेटच्या भायेर बसून ऱ्हातो ईस-पंचवीस मिनटं. आत घेत नायत. तवा घेतलं आत तर?"

साहेबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. आमची ऑफिसरांची बस या बायकांच्या डोळ्यांदेखत रोज सकाळी गेटमधून आत शिरायची. त्या रांगेत बसलेल्या असायच्या, आणि मला वाटायचं गप्पा मारताहेत.

साहेबांनी फोन केल्यामुळे ड्रायव्हर त्यांची गाडी घेऊन नागोठण्याला पोचला होता. साहेब उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "मॅडम, उद्या कागद आणा. सही करतो."

वरून मंजुरी यायला पंधरा दिवस लागले. त्या काळात आम्ही पळतच होतो आणि मी रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी पळत होते, आता कॅनव्हासचे बूट घालून. साहेबांनी चारला खात्यात यायचं बंद केलं. फोन झाला की ते आवारात दोन फेऱ्या मारायचे, एकटेच, हातवारे करत. सिक्युरिटी काकांनी एकदा मला गुपचूप विचारलं, "साहेबांना बरं हाय ना?" मी म्हटलं, "पूर्वीपेक्षा खूप."

वेळ बदलली आणि चुकीची लेबलं थांबली. नंतरच्या दोन महिन्यांत एकच चुकलं. ते मी लावलं होतं, एक बाई रजेवर होती म्हणून हौसेनं बसले होते तेव्हा. बाराजणींनी ते लेबल काढून माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि दारात उभं राहून फिटंफाट झाल्यासारख्या हसल्या. हेड ऑफिसनं ट्रेनिंगचा उत्तम परिणाम झाल्याबद्दल ट्रेनर मॅडमना आभाराचं पत्र पाठवलं. साहेबांनी ते मला दाखवलं आणि आम्ही दोघं केबिनचं दार लावून हसलो.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो नव्या वेळेचा पहिला दिवस. पावणेपाचला सुटलो. सवयीनं सगळ्या धावायला लागल्या. मीही. स्टेशनवर पोचलो तर फलाट रिकामा. घड्याळात पाच वाजून पाच. गाडीला पंधरा मिनिटं! आम्ही एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. इतका वेळ हातात आल्यावर करायचं काय, हे कुणालाच सुचेना. मग एकजण नळावर गेली आणि तिनं साबण काढून निवांत हात धुतले, कोपरापर्यंत. दुसरीनं वेणी सोडून परत घातली. हिरव्या मानेच्या मुलीनं स्टॉलवरून भेळ आणली. मावशी बाकावर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी आपल्या सुनेनं पहिल्यांदा चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, कालवण केलं त्याची गोष्ट सुरू केली. एक चिंबोरी पातेल्यातून निसटून देवघराखाली शिरली होती आणि घरातली सगळी माणसं खाटेवर चढली होती.

गाडी आली. दारं आमच्या समोर येऊन थांबली. कुणी हललं नाही. चिंबोरी अजून देवघराखाली होती.

"मावशी, गाडी!" मी ओरडले.

"थांबल ती," मावशी म्हणाल्या. "आयक तर, मंग माज्या नवऱ्यानं चिमटा घेतला…"

शिट्टी झाली. मीच एकेकीला दंडाला धरून उठवलं. मावशी सगळ्यात शेवटी उठल्या, पायरीवर चढल्या, आणि दांडा धरून उभ्या राहिल्या राहिल्या त्यांनी गोष्टीतली चिंबोरी देवघराखालून बाहेर काढली.